ल्युपस आणि किडनी : 'सीआयसी'वर विसंबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार. त्याच्या रुग्णांच्या फायलीत कधी कधी 'सीआयसी' (सर्क्युलेटिंग इम्यून कॉम्प्लेक्सेस) नावाचा रिपोर्ट असतो. रक्तात फिरणारी इम्यून कॉम्प्लेक्सेस, म्हणजे प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) आणि त्यांनी धरलेले लक्ष्य यांच्या गाठी, त्यात मोजतात. आकडा नॉर्मल आला की घरचे किडनीबद्दल निर्धास्त होतात. ते चूक आहे.

या गाठी रक्तातून वाहत येऊन किडनीच्या गाळण्यांत अडकतात, ही जुनी कल्पना. संशोधक फ्रँक डिक्सन यांनी सशांना गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन टोचून तसे घडते हे दाखवलेही. पण ल्युपसमध्ये प्रकार एवढा सरळ नाही. मेलेल्या पेशींमधले डीएनए आणि तो ज्यांवर गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिने यांचे तुकडे आधीच गाळणीच्या पडद्याला चिकटतात आणि डीएनएविरोधी प्रतिपिंडे तिथे जाऊन त्यांना धरतात. गाठ जागेवरच बनते. मग रक्तात ती सापडणार कशी? गोदेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून जोखता येतो, पण सराफ बाजारातल्या दुकानात गाळ किती साचला हे आत शिरूनच कळते.

शिवाय तपासणीच कच्ची आहे. पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) हे रसायन टाकून गाठी खाली बसवण्याच्या पद्धतीत, सीरम पुन्हा पुन्हा गोठवून वितळवले तरी प्रतिपिंडे आपसात चिकटतात आणि आकडा खोटाच वाढतो.

गाठ कुठे बसली याला महत्त्व जास्त. मेसँजियममध्ये, म्हणजे गाळणीतल्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या भागात, असेल तर त्रास बहुधा सौम्य. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराखाली असेल तर कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रथिने) पेटते, पांढऱ्या पेशी धावून येतात, लघवीत रक्त उतरते, क्रिएटिनीन चढते. पडद्याच्या बाहेरच्या अंगाला असेल तर प्रथिने गळतात आणि पाय सुजतात. ल्युपसच्या किडनी-आजाराचे वर्ग पाडतात, त्यातला हा पाचवा. त्यात सी-३, सी-४ या कॉम्प्लिमेंट प्रथिनांचे रक्तातले आकडे नॉर्मलही असू शकतात. म्हणून तेवढ्यावरही विसंबू नये.

ही जागा बायोप्सीच सांगते. लघवीतील प्रथिने-क्रिएटिनीन गुणोत्तर ०.५ च्या वर टिकून राहिले, की तिचा विचार करतात. इथे एक चूक वारंवार होते. बायोप्सीत किडनीचे दोन तुकडे काढतात, ते दोन्ही फॉर्मॅलिनमध्ये टाकले जातात. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर नेहमीची इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी (गाठींना चमकणारा रंग लावून पाहण्याची) नीट होत नाही. मग आयजीजी, आयजीए, आयजीएम ही प्रतिपिंडे आणि सी-३, सी-१क्यू ही कॉम्प्लिमेंट प्रथिने अशी पाचही एकत्र चमकतात की नाही, ही ल्युपसची ओळखखूणच हातची जाते. दुसरा तुकडा मिशेल द्रावणात (या तपासणीसाठी तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) हवा. नमुना नाशिकहून मुंबई-पुण्याला जायचा असेल तर नक्कीच. सलाइनने ओली केलेली गॉजची पट्टी फक्त त्याच दिवशी लॅबमध्ये पोहोचणार असेल तरच चालते.

रुग्णाच्या हातात असलेली गोष्ट स्वस्त आहे : सकाळची पहिली लघवी, मधल्या धारेची, स्वच्छ डबीत. सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी दोन तासांच्या आत व्हावी. सिन्नर-दिंडोरीकडून डबी उन्हात एसटीने आली, तर लाल पेशींचे कास्ट (किडनीच्या नळ्यांत बनलेले साचे, गाळणीच्या इजेची खूण) विरघळून जातात आणि रिपोर्टवर 'काही आढळले नाही' असे छापून येते. त्यापेक्षा लॅबच्या दारातच नमुना द्यावा. मासिक पाळीच्या दिवसांत मात्र देऊ नये.

– एक वाचक, नाशिक