कसुतीची उलटी बाजू दाखवणाऱ्या धारवाडच्या अक्कांना

आदरणीय अक्का यांस,

सा. न. वि. वि.

आईच्या काळ्या इरकलीवरची विरलेली कसुती, म्हणजे धागे मोजून हाताने केलेले आपल्याकडचे भरतकाम, दुरुस्त करून मिळेल का, एवढेच विचारायला मी सांगलीहून आपल्याकडे आले होते. आपण पैसे घेऊन काम करून दिले असते, तरी मी समाधानाने परतले असते. त्याऐवजी आपण मला ते काम शिकवलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानते. पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत अशी लुगडी ट्रंकेच्या तळाशी घडी घालून पडलेली आहेत आणि आपला सल्ला त्या घरांपर्यंतही पोचायला हवा.

आपण साडी उघडलीत आणि नक्षीकडे न पाहता आधी घड्या तपासल्यात. इरकलीच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती आणि टोपेतेनी (वेगळा ताणा जोडून विणलेल्या) पदराचा ताणा लाल रेशमाचा असतो. हे दोन्ही ताणे धाग्यात धागा अडकवून जोडलेले असतात, त्यामुळे तो सांधा आणि वर्षानुवर्षे एकाच रेषेवर पडलेली घडी या दोन जागा आधी विरतात, हे आपण बोट ठेवून दाखवलेत. जिथे कापडच हातात येत होते तिथे सुई घालायची नाही, खालून मऊ मलमल लावून कडेने हलके टाके घालायचे आणि जुनी नक्षी आहे तशी राहू द्यायची, असा आपला निर्णय होता. तो मला तेव्हा फारसा रुचला नव्हता, पण आता पटतो, कारण नवा ताणलेला धागा त्या विरल्या कापडाला झेपला नसता.

मग आपण साडी उलटी केलीत. सुलट बाजूवरचा नारिंगी रंग उन्हाने आणि धुण्याने पार उतरला होता, हिरवा ओळखू येत नव्हता. मागे मात्र दोन्ही रंग ठसठशीत होते. गवंतीचा, म्हणजे जाऊन त्याच वाटेने परतणारा टाका दोन्ही बाजूंना सारखाच उमटत असल्यामुळे मागची बाजू म्हणजे त्या नक्षीची जशीच्या तशी नक्कलच होती. गोपूर, रथ आणि पदराकडून आत जाताना लहान आणि विरळ होत गेलेले ठिपके आपण तिथूनच एकेक धागा मोजत चौकटीच्या कागदावर उतरवून घेतलेत, आणि नव्या इरकलीवर मला तेच काढायला बसवलेत.

कसुतीचे टाके 4: गवंती, मुर्गी (पायऱ्यांसारखा जाणारा), नेगी आणि मेंथी. यांतली मेंथी मला अवघड गेली नाही, कारण फुलीचा टाका शाळेपासून हातात होता, आणि नेगी विणकामासारखी दिसत असल्याने लवकर समजली. खरे शिक्षण झाले ते गवंतीत. कापडावर छाप नाही, पेन्सिलीची रेघ नाही, धाग्याला गाठ नाही. जाताना एक घर सोडून एक टाका घालायचा आणि त्याच वाटेने परतताना मोकळी घरे भरायची. सरळ रेघेला हे सोपे आहे, पण गोपुराला मजले, कोपरे आणि वर कळस असतो, त्यामुळे प्रत्येक फाट्यावर आत शिरून, तिथून मूळ वाटेवर येऊन मगच पुढे जावे लागते. जाता-येता एखादा फाटा राहिलाच, तर तिथे पोचण्यासाठी मागून धागा ओढून न्यावा लागतो आणि उलट बाजू ते लगेच सांगते. म्हणून सुईत धागा ओवण्याआधी आपण मला कागदावरच्या गोपुरावरून पेन्सिलीचे बोथट टोक फिरवायला लावत होतात, आणि वाट चुकली की काही न बोलता माझा हात पुन्हा पायथ्याशी आणून ठेवत होतात. आपले मराठी कानडी वळणाचे आणि माझे कानडी बाजारापुरते. तरी त्या कागदावर आपल्याला एकमेकींचे सगळे समजत होते.

हल्ली यंत्रावर काढलेली नक्षी ‘हातची कसुती’ म्हणून विकली जाते. यंत्राच्या कामाला माझा विरोध नाही, रोजच्या वापराला ते परवडते. पण त्याला यंत्राचे काम म्हणावे आणि किंमतही तशीच लावावी. आता प्रदर्शनात गेले की मी आधी पदर उलटा करून पाहते. त्यामुळे काही विक्रेते माझ्यावर नाराज आहेत, आणि त्याचे श्रेयही आपलेच.

नव्या इरकलीवरची पहिली ओळ पूर्ण झाली आहे. रथाच्या चाकापाशी मात्र मी थांबले आहे: चाकाचे आरे आधी संपवून मग कड घ्यावी, की कडेने जात जात एकेक आरा उरकावा, हे आपल्या कागदावरून कळत नाही. शिवाय आमच्या मंडळातल्या दोघीजणी ते नमुने उतरवून मागत आहेत. आपली परवानगी असेल तरच देईन. फोनवर तेवढे सांगावे. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
सांगली