मिलिंदच्या मानेसाठी

दादर, रविवार

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज शेवटपर्यंत ऐकला. निम्मा वेळ तू तुझ्या मेव्हण्याला आणि त्याच्या कपिंगला, म्हणजे त्या कातडीवर पेले चिकटवायच्या उपचाराला, शिव्या घालण्यात घालवलास, तरी मुद्दा कळला. मान आणि उजवा खांदा दुपारनंतर भरून येतो, फिजिओथेरपीच्या सिटिंगचं अख्खं पॅकेज संपवलंस आणि महिन्याभरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. फोनवर सांगितलं असतं, पण तू 'हो हो' म्हणतोस आणि विसरतोस. म्हणून लिहूनच पाठवतोय.

आधी तो एक्स-रे कपाटात ठेवून दे. 'डिजनरेटिव्ह चेंजेस', म्हणजे झिजेच्या खुणा, आणि 'मानेचा बाक कमी झालाय' हे वाचून तू घाबरलायस, पण चाळिशी ओलांडलेल्या, अजिबात न दुखणाऱ्या मानांच्या एक्स-रेतही हे सर्रास दिसतं. मला वेगळ्याच गोष्टींची चौकशी करायची आहे. हाताला मुंग्या येतात का, विजेच्या झटक्यासारखी कळ बोटांपर्यंत जाते का, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का, चालताना तोल जातो का? ताप, विनाकारण उतरलेलं वजन, रात्री झोपू न देणारं दुखणं? यातलं काहीही असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि सरळ डॉक्टरांकडे जा. नसेल, तर तुझं दुखणं स्नायूंचं आहे असं धरून पुढे वाच.

दुखतो तो प्रामुख्याने ट्रॅपेझियस, म्हणजे कवटीच्या मागून खांद्यापर्यंत उतरणारा रुंद स्नायू. त्याच्या खाली लेव्हेटर स्कॅप्युली, खांद्याच्या पात्याला वर धरून ठेवणारा. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते खांद्यांच्या बरोबर वर असलं तर मानेला फार कष्ट नाहीत, पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावं लागतं. तुझा दिवस बघ ना. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसून अर्धं अंग बाहेर, कंबर पिळलेली, मांडीवर बॅग आणि बॅगेवर मोबाइल. मग ऑफिसात माऊस इतका लांब की उजवा खांदा दिवसभर कानाकडे चढलेला. स्नायू जोर कमीच लावतो, पण त्याला सुट्टी मिळत नाही.

आता तुझ्या पॅकेजबद्दल. गरम शेक, आयएफटी, टेन्स (ही दोन्ही विजेच्या सौम्य प्रवाहाची मशीन) यांनी बरं वाटतं, काही तास, कधी दिवसभर. दुखणं जोरात असताना तेवढा आराम घ्यायला माझी काहीच हरकत नाही. अल्ट्रासाऊंडच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी शेकण्याच्या, बाजूने मात्र अशा दुखण्यात फारसा पुरावा नाही. ट्रॅक्शन, म्हणजे मान ताणून धरणं, नस दबलेली असेल तर कधी कधी कामाला येतं, तुला कशाला लावलं कळत नाही. गळ्याभोवतीची कॉलर वापरू नकोस, स्नायू आणखी सुस्तावतात. एकामागून एक मशीन लावून पेशंटला पडद्याआड झोपवून ठेवायचं आणि व्यायामाचा एक झेरॉक्स कागद हातात द्यायचा, ही आमच्या फिजिओथेरपीच्या धंद्यातली वाईट खोड आहे. याचा मला राग येतो.

हातांनी केलेलं काम वेगळं. स्नायूतल्या दुखऱ्या गाठीवर अंगठ्याने दाब धरून ती सैल केली की मान वळायला लागते. ड्राय नीडलिंगमध्ये बारीक सुई त्या गाठीत घालतात, स्नायू टचकन उडतो, पुढचा एक दिवस ठणकतो आणि मग हलकं वाटतं. पण खांद्याच्या त्या भागाखाली फुप्फुसाचं टोक असतं, तेव्हा प्रशिक्षण घेतलेल्या हातांशिवाय सुई नको. आणि सलूनमध्ये दाढी झाल्यावर ती 'कट्ट' करून मान मोडून घेतोस ना, ते आजपासून बंद. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीला झटक्याने चीर जाऊ शकते. क्वचितच घडतं, पण घडलं तर पक्षाघात होतो.

हे सगळं दार उघडण्यापुरतं. खरं काम व्यायामाचं, तेही वजन घेऊन. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००८ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. ट्रॅपेझियस दुखणाऱ्या नोकरदार बायकांपैकी एका गटाला मान-खांद्यांचे डंबेलचे व्यायाम दिले, दुसऱ्याला सायकलिंग. आठवड्यातून ३ वेळा, २०-२० मिनिटं, १० आठवडे. डंबेलवाल्यांचं दुखणं भरपूर कमी झालं. सायकलवाल्यांना व्यायामानंतर जरासं हलकं वाटायचं, तेवढंच. म्हणून तू म्हणतोस तसं नुसतं शिवाजी पार्कला फेऱ्या मारून भागणार नाही. फेऱ्या मार, तब्येतीला चांगल्या आहेत.

पहिला व्यायाम बिनवजनाचा. उशी काढून पाठीवर झोप. हनुवटी गळ्याकडे घे, मान हलवून 'हो' म्हणताना जेवढी हलते तेवढीच. डोकं गादीवरच राहू दे. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेव. तिथले जाड स्नायू टरारून वर आले तर जोर जास्त होतोय, कमी कर. १० सेकंद धर, सोड, असं १० वेळा. काहीच होत नाहीये असं वाटेल, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला डोकं थरथरायला लागेल. तिथे थांब, उरलेल्या खेपा उद्या.

नंतर वजन. डंबेल नसतील तर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घे, लिटरची बाटली म्हणजे किलोभर. दोन्ही हात खाली सोडून खांदे सावकाश वर, तितक्याच सावकाश खाली. पलंगावर एक हात टेकून दुसऱ्याने बाटली कमरेपर्यंत ओढ, कोपर मागे जाऊ दे. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं, यातच लोक कंटाळतात आणि वर्षभर त्याच बाटल्या उचलत बसतात. करताना थोडं दुखलं तर चालेल, दहापैकी तीन-चारपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. पहिले दोन-तीन आठवडे काही फरक वाटणार नाही. तेव्हा मला फोन करून भांडू नकोस.

तिकडे डोंबिवलीतच कोणी शोधणार असशील तर बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालेला आणि महाराष्ट्राच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) कौन्सिलकडे नोंदणी असलेला माणूस बघ. पहिल्या भेटीत शर्ट काढायला लावून खांद्याची पाती हलताना बघतो का, कामाच्या जागेबद्दल विचारतो का, तेही बघ. खर्चाची चिंता असेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत, आणि हाजीअलीला केंद्र सरकारची संस्थाही आहे. रांग लागते, अर्धी रजा टाकून जा.

शनिवारी दुपारनंतर मी क्लिनिकवर मोकळा असतो. जमलं तर ये, व्यायाम समोर करून घेतो. ऑफिसातल्या खुर्ची-टेबलाचा बाजूने काढलेला एक फोटो आण, तुला कळू न देता सहकाऱ्याने काढलेला असेल तर उत्तम, नाहीतर ताठ बसशील. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश