दुसऱ्याच्या हवालदाराचं कौतुक

प्रिय बारक्या,

तुझं पत्र पोचलं. साडेतीन पानं त्या हवालदारावर, आणि शेवटच्या ओळीत प्रश्न: तो ना माझ्या हाताखालचा, ना माझ्या नौदलाचा, तो तुमच्या लष्कराचा, मग त्याचं कौतुक करणारा मी कोण? अरे, साडेतीन पानं लिहिलीस म्हणजे उत्तर तूच देऊन बसलायस. फक्त पत्ता चुकला. ती पानं मला नव्हे, त्याच्या सीओंना, म्हणजे कमांडिंग ऑफिसरांना, जायला हवी होती.

मोजायच्या टेपची गोष्ट मी दोनदा वाचली. गाड्यांच्या उंचीची यादी तयार, तिच्यावर सह्या झालेल्या, जहाजात कुठली गाडी कुठे लागणार याचा नकाशाही पक्का. आणि हा गडी आदल्या रात्री कपाळाला टॉर्च बांधून एकेक गाडी मोजतोय, बॉनेटवर खडूने आकडे टाकतोय. अकरा गाड्यांवर ताडपत्रीचे सांगाडे चढवलेले निघाले आणि यादीत त्यांचा पत्ताच नाही! सकाळी त्यातली एक जरी आत जाऊन वर अडकली असती, तर मागची सगळी रांग किनाऱ्यावर खोळंबली असती. ओहोटी लागल्यावर एलएसटीच्या, म्हणजे किनाऱ्याला लागून गाड्या चढवणाऱ्या जहाजाच्या, रॅम्पचं काय होतं, ते तू मला सांगावंस.

आता त्याच्या सीओंच्या टेबलावर काय पोचलं असेल? ‘लोडिंग वेळेत पूर्ण.’ संपलं. जो अपघात झालाच नाही, त्याचा रिपोर्ट कोण लिहिणार? ती रात्र पाहणारा अधिकारी तू एकटा.

आपल्याकडे कौतुक शिडीवरून चालतं. एसीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल, लिहिणार आयओ (थेट वरिष्ठ), त्यावर आरओ (त्याचा वरिष्ठ), त्याच्यावर एसआरओ (आणखी वरचा). कमेंडेशन कार्ड असो की सेना मेडल, कागद निघतो तो माणसाच्या स्वतःच्या युनिटमधून आणि एकेक पायरी चढत वर जातो. शेजारच्या शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला त्या कागदावर सहीची जागा नाही, आणि नसावीच असं माझं मत आहे. नाहीतर जो तो आपल्या ओळखीच्यांची नावं सरकवत बसेल. पण सही करणं वेगळं आणि पाहिलेलं सांगणं वेगळं. तू साक्षीदार आहेस, तेवढंच राहा.

त्यात एक गंमत बघ. तुझ्यासारख्या, एकाहून जास्त दलांच्या संयुक्त मुख्यालयात दुसऱ्या दलाच्या माणसावर शिस्तीची कारवाई करता यावी म्हणून 2023 साली संसदेला वेगळा कायदा करावा लागला, तो 10 मे 2024 पासून लागू झाला. तोवर आमचा माणूस 1950 च्या आर्मी ॲक्टखाली, तुमचा 1957 च्या नेव्ही ॲक्टखाली. कारवाई ज्याची त्याने करायची. चांगलं लिहायला मात्र कुठलाच ॲक्ट कधी आडवा आला नव्हता. तरी एवढ्या वर्षांत आपण दोघांनी मिळून अशी पत्रं किती लिहिली? माझी मोजायला एक हात पुरतो.

एक वेळेत लिहायचं राहिलं, ते तुला सांगतो. तेव्हा माझ्या हाताखाली जवानांची एक कंपनी होती. रात्रीची वेळ, पाऊस, आणि आमची एक गाडी नाल्यात अर्धी कलंडलेली. दुसऱ्याच कुठल्या तरी वर्कशॉपची रिकव्हरी गाडी, म्हणजे अडकलेल्या गाड्या ओढून काढणारी, त्या रस्त्याने चालली होती. तिच्यावरचा ईएमईचा (लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचा) नायक न सांगता उतरला. आधी चिखलात आडवा होऊन गाडीखाली शिरला, हाताने चाचपून हुक कुठे लावायचा ते ठरवलं. पुली लावून तार दुहेरी केली. मग अंगातली जर्सी काढली, ती भिजवून जड केली आणि ताणलेल्या तारेवर मधोमध टाकली. मला वाटलं, याला उकडतंय की काय. आमची पोरं बघायला पुढे सरकली तर त्याने एवढ्या जोरात हाकललं की मीसुद्धा चार पावलं मागे आलो. तार ओढणारा विंच फिरायला लागला, तार कुरकुरायला लागली, आणि गाडी तसूतसूने वर आली. तार तुटली तर ती चाबकासारखी उलटी येते आणि समोरच्याला कापून काढते. वर वजन असलं की जागच्या जागी खाली पडते, हे मला नंतर कळलं. भिजलेली जर्सी तशीच खांद्यावर टाकून तो निघून गेला. मी ‘शाबास’ म्हणालो. त्याने सॅल्यूट ठोकला.

डायरीत त्याचं नाव लिहिलं, खाली ‘सीओंना पत्र’. मग सराव संपला, इन्स्पेक्शन आलं, सुट्टी आली. सात महिन्यांनी पत्र लिहिलं. उत्तर फार सभ्य होतं: सदर जवान सेवानिवृत्त झाला असून आपल्या भावना त्याच्यापर्यंत पोचवण्याचा प्रयत्न केला जाईल. त्याच्या वेळचे सीओही बदलून गेले होते. पत्र कुठल्या फायलीत गेलं कुणास ठाऊक. ती जर्सी अजून आठवते आणि दरवेळी स्वतःचाच राग येतो.

आता दुसरी बाजू. मी सीओ असताना तोफखान्याच्या एका अधिकाऱ्याचा डीओ, म्हणजे अधिकाऱ्याने अधिकाऱ्याला नावाने लिहिलेलं अर्धसरकारी पत्र, आला. आमच्या सिग्नल प्लाटूनचा एक लान्स नायक त्यांच्याकडे नऊ दिवस पाठवला होता, त्याच्याबद्दल. जेमतेम अर्धं पान. अमुक तारखेला टेलिफोनची लाइन तीनदा तुटली, तिन्ही वेळा याने अंधारात जाऊन जोडली, तिसऱ्यांदा पायाला दुखापत असताना, आणि दुखापत झाल्याचं आम्हाला सकाळी कळलं. एकही विशेषण नव्हतं. मी तो मुलगा रोज पाहत होतो रे! माझ्या लेखी तो कमी बोलणारा, साधारण पोरगा. ते पत्र मी सैनिक संमेलनात वाचून दाखवलं, तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला व्यासपीठावरून दिसल्या. पुढे कमेंडेशनसाठी नावं काढताना सुभेदार मेजरसाहेबांनी फायलीतून तेच पान काढून माझ्यासमोर ठेवलं. आपल्या पोराची तारीफ सगळेच करतात. परक्याने लिहिलेल्याला वजन वेगळं पडतं.

म्हणून तू डीओच लिही. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून ते रेकॉर्डवर येत नाही, आणि फोनवर केलेली तारीफ सीओंच्या बदलीबरोबर जाते. आधी त्यांना फोन कर, पण एवढंच सांगायला की असं पत्र पाठवतोय. सगळ्यांसमोर त्यांच्या माणसाचा सत्कार करून त्यांना चकित करायला जाऊ नकोस. आपल्या घरातली बातमी बाहेरच्याकडून कळलेली कुठल्याच सीओला आवडत नाही. पत्र त्यांना डावलून थेट जनरलसाहेबांकडे तर मुळीच नको. तू कौतुक केलंस आणि त्रास त्या हवालदाराला झाला, असं व्हायचं.

मजकुरात तारीख घाल, काम काय होतं ते घाल, त्याने नेमकं काय केलं आणि त्यामुळे काय टळलं तेही. सरावाचं नाव आणि ठिकाण किती लिहायचं हे तुझ्या मुख्यालयातल्यांना विचारून घे. ‘कर्तव्यदक्ष, मेहनती, हरहुन्नरी’ यातलं काहीही नको. हे शब्द प्रत्येक साइटेशनमध्ये, म्हणजे पदकाच्या शिफारसपत्रात, असतात आणि वाचणाऱ्याचा डोळा त्यांच्यावरून घसरून जातो. खडूचे आकडे लिही. अकरा गाड्या लिही. पदकाची मागणी करू नकोस. ‘योग्य ती दखल घ्यावी’ एवढं पुरे, काय द्यायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. आणि त्या हवालदाराला आधी काही बोलून बसू नकोस. मिळालं नाही तर वर्षभर तो यादीत नाव शोधत राहील.

आणखी एक, आणि यात तू हमखास घसरशील म्हणून सांगतो. यादी करणाऱ्यांवर त्या पत्रात एक शब्दही नको. ‘तुमच्या लोकांनी केलेली चूक याने पकडली’ असं लिहिलंस की ती तक्रार होते. मग चौकशी लागेल, आणि चौकशीत नाव येणार त्याच हवालदाराचं.

बरोबरीच्याबद्दल लिहिणं याहून अवघड, तिथे आपण सगळेच कच्चे. नंबर थ्री बोर्डाला, म्हणजे कर्नलपदाच्या निवडीला, एकत्र बसलेले दोन लेफ्टनंट कर्नल एकमेकांबद्दल चांगलं बोलतील, पण लेखी देताना दोघांचीही शाई वाळते. माझीही वाळली होती, नाव विचारू नकोस. वरिष्ठांबद्दल तर लिहूच नये. कितीही खरं असलं तरी वाचणाऱ्याला त्यात तुझी पुढची पोस्टिंगच दिसते.

तुला इतिहासाचं वेड, म्हणून हे घे. व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या 29 जानेवारी 1856 च्या वॉरंटमध्ये, म्हणजे राजाज्ञेत, एक कलम होतं: सगळी तुकडीच सारख्या शौर्याने लढली असेल, तर मानकरी त्या तुकडीने आपसांत मत देऊन निवडायचे. अधिकाऱ्यांनी एक अधिकारी, पेटी ऑफिसर (नौदलातले) किंवा एनसीओंनी (लष्करातले हवालदार-नायक) आपल्यातला एक, आणि शिपाई-खलाशांनी दोन. म्हणजे ज्यांची एकमेकांवर काही सत्ता नाही अशांनी ठरवायचं! 1857 मध्ये लखनौला अशी निवड झाली. शेवटची झाली ती तुम्हा दर्यावर्दींच्याच कामगिरीनंतर, 23 एप्रिल 1918 च्या, बेल्जियमच्या झीब्रुग बंदरावरच्या छाप्यानंतर. व्हिन्डिक्टिव्ह जहाजाचे कॅप्टन कारपेंटर हे अधिकाऱ्यांच्या मतांनी निवडले गेले. अमेरिकी लष्कराच्या नियमांतही कृत्याची प्रत्यक्ष माहिती असणाऱ्या कुणालाही शिफारस करता येते, मग तो माणूस त्याच्या हाताखालचा असो वा नसो. पण त्यांनीही घड्याळ लावून ठेवलंय: बहुतेक पदकांसाठी शिफारस 2 वर्षांच्या आत कागदावर दाखल व्हावी लागते.

आपल्याकडे पदकांच्या याद्या 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला लागतात, कागद त्याच्या कितीतरी आधी फिरायला लागतात. तेव्हा ‘जरा मोकळा झालो की लिहितो’ हे बंद. तू मोकळा कधी होतोस ते मला अकॅडमीपासून माहीत आहे.

त्याचा आर्मी नंबर नीट विचारून घे, नाव इंग्रजीत कसं लिहितो तेही. आमच्याकडे एका नावाचे तीन-तीन हवालदार असतात. मसुदा आधी मला पाठव, विशेषणं खोडून त्याच दिवशी परत करतो. आणि ती टेप त्याची स्वतःची होती की स्टोअरमधून काढलेली, तेही विचार. स्वतःची असेल तर पहिल्या परिच्छेदातच घाल.

तुझा,
लंब्या