रोबोट मुलांनाच बनवू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांच्या रोबोटिक्स स्पर्धांच्या बातम्या हल्ली बऱ्याच येतात, ट्रॉफीसकट फोटोही असतात, पण मुलं त्यातून नक्की काय शिकतात हे कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझी मुलगी सातवीत आहे आणि फर्स्ट लेगो लीगची (लेगोचे भाग जोडून रोबोट बनवायची मुलांची स्पर्धा) तयारी करताना ती पहिल्यांदाच आपणहून गणिताला बसली. चाकाचा व्यास 5.6 सेमी, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात रोबोट साधारण 17.6 सेमी जाणार, मग टेबलावर 88 सेमी लांब ठेवलेल्या, रोबोटने गाठायच्या मॉडेलपर्यंत पाच फेरे, हे सगळं तिनेच वहीत काढलं आणि तरी रोबोट दोन बोटं अलीकडेच थांबला! मग चाक घसरतंय की बॅटरी उतरलीये यावरून टीममध्ये जाम वाद, शेवटी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची असं मुलांनीच ठरवलं. प्रयोग कसा करायचा हे याहून चांगलं कुठे शिकणार?

या लीगमधली प्रत्यक्ष मॅच अडीच मिनिटांची, पण जजेस मुलांना समोर बसवून रोबोटचा हा आर्म (हात) असाच का केला, टीममध्ये कामं कशी वाटून घेतली हेही विचारतात. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड या दुसऱ्या स्पर्धेच्या आंतरराष्ट्रीय फेरीत तर ऐनवेळी सरप्राइज रूल, म्हणजे एखादा नवाच नियम देतात, म्हणजे पाठ केलेला कोड कामाचा नाही.

म्हणूनच वाईट वाटतं, काही ठिकाणी क्लासवाले रोबोट आणि कोड दोन्ही तयार करून देतात, मुलं फक्त बटण दाबतात, आणि पालक त्यासाठी भरमसाट फीसुद्धा भरतात. असं जिंकून त्या मुलाच्या हाती काय लागलं? आयोजकांनी निदान पहिल्या फेरीतच कोडमधला एखादा छोटा बदल मुलांकडून तिथल्या तिथे करून घ्यावा, लगेच कळेल.

दुसरं, 2016 पासून नीती आयोगाच्या योजनेतून शाळांना अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायच्या प्रयोगशाळा) मिळाल्या, शाळेमागे 20 लाखांपर्यंत अनुदान, सहावी ते बारावीच्या सगळ्याच मुलांसाठी. माझ्या पाहण्यातली एक लॅब मात्र स्पर्धा जवळ आली की उघडते आणि तीही निवडक मुलांसाठी. आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर ती सगळ्यांना उघडी ठेवा ना, शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांनाही येऊ द्या. आणि स्थानिक फेऱ्यांमध्ये मुलांना मराठीत बोलू द्या, गिअर रेशो (दातेरी चाकांच्या दात्यांचं प्रमाण) नीट समजलेली पोरं इंग्रजीत सांगायचं म्हटलं की गप्प बसतात.

- एक पालक, नाशिक