मधुमेहींची वार्षिक तपासणी साखरेपुरती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या थोरल्या भावाला 18 वर्षांपासून मधुमेह आहे. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तो दर महिन्याला तपासून घेतो, अहवाल फाइलला लावतो, गोळ्या चुकवत नाही. असे असूनही गेल्या वैशाखात शेतातून येताना चपलेतून आत शिरलेला बाभळीचा काटा त्याला दोन दिवस जाणवलाच नाही आणि जखम चिघळून पायाचा अंगठा काढावा लागला. नंतर आम्ही फाइल चाळली, तेव्हा इतक्या वर्षांत त्याच्या पायांची तपासणी झाल्याची एकही नोंद सापडली नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांपैकी प्रत्येकाच्या पायांची संवेदना, मूत्रपिंडांची स्थिती कळण्यासाठी लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) व रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ घटक), आणि बाहुली विस्फारून डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तरी तपासला जावा, अशी अपेक्षा असते. टाइप 2 मधुमेहात (प्रौढांत सहसा आढळणाऱ्या प्रकारात) तर ही सुरुवात निदान होताच करायची असते, कारण तोपर्यंत आजार शरीरात कित्येक वर्षे मुरलेला असू शकतो. मूत्रपिंड आणि पडदा बिघडू लागतात तेव्हा दुखत नाही, सूजही येत नाही. चष्म्याचा नंबर काढून आणला म्हणजे डोळे तपासून झाले, असे आमच्याकडे सर्रास समजले जाते. पण नंबर न बदलताही पडद्यावर रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो, आणि तो वेळीच दिसला तर लेसरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचवता येते.

पायांच्या तपासणीला तर यंत्रही लागत नाही. 10 ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून स्पर्श कळतो का, एवढेच विचारायचे असते, आणि प्रशिक्षण दिल्यास परिचारिकाही ते काही मिनिटांत करू शकते. अनवाणी वारी करणाऱ्या, चिखलात उभे राहून भात लावणाऱ्या आपल्या माणसांसाठी हा धागा साखरेच्या पट्टीइतकाच मोलाचा आहे. (वारीच्या वाटेवरील आरोग्य पथकांनीही तो जवळ ठेवावा, असे मला मनापासून वाटते.)

14 नोव्हेंबरच्या मधुमेह दिनी होणाऱ्या शिबिरांत बोटातून रक्त घेऊन नवे रुग्ण शोधले जातात, ते आवश्यकच आहे. मात्र जुन्या रुग्णांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांनी प्रत्येकाच्या कार्डावर डोळे, पाय, लघवी आणि क्रिएटिनिन असे चार रकाने आखून त्यांत तपासणीची तारीख लिहावी, आणि रकाना वर्षभर रिकामा राहिल्यास आशाताईंनी त्या घरी निरोप द्यावा, अशी माझी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे. भावाच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी असे रकाने आखले आहेत. डोळ्यांचा रकाना अजून भरायचा आहे, त्यासाठी पुढच्या आठवड्यात तालुक्याला जात आहोत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. सातारा