वडिलांच्या मांडीवर शिकायला वडील होते कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या जन्मशताब्दीनिमित्त (जन्म २३ सप्टेंबर १९२६) आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मनापासून आवडला. पण मुलगा रवी कोल्ट्रेनही सॅक्सोफोन वाजवतो हे सांगताना, ती कला त्याच्या रक्तातच होती आणि वडिलांच्या मांडीवर तो शिकला, असं लिहिलंय. हे बरोबर नाही.

जॉन कोल्ट्रेन यकृताच्या कर्करोगाने १७ जुलै १९६७ रोजी गेला, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. रवीला तेव्हा दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. वडिलांनी त्याला दिलं ते नाव, पं. रविशंकरांवरून ठेवलेलं. जॉनने पंडितजींकडून रागसंगीत समजून घेतलं होतं. आपल्याला या नावाचा अभिमान वाटतो, वाटावाही. पण नावाने कुणाचा सूर लागत नाही.

मुलांना वाढवलं ते अ‍ॅलिसने. लेखात ती फक्त 'पत्नी' म्हणून येते, आणि हे मला जास्त खटकलं. पियानो आणि हार्प वाजवणारी ती मोठी जॅझ कलाकार; पुढे कॅलिफोर्नियात तिने आश्रम काढला, तिथे ऑर्गनवर संस्कृत भजनं चालत. शाळेत रवी क्लॅरिनेट वाजवायचा. १९८२ मध्ये थोरला भाऊ मोटार अपघातात गेला आणि रवीचं वाजवणं सुटलं. सॅक्सोफोन घेऊन तो कॉलेजात रीतसर शिकायला गेला तो थेट १९८६ मध्ये. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एल्व्हिन जोन्सने त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं. वडिलांच्या गाजलेल्या चौकडीचा ड्रमर तो हाच. वडिलांशी रवीची खरी भेट झाली असेल तर ती तिथे, असं मला वाटतं. त्याचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला १९९८ मध्ये, म्हणजे तिशी ओलांडल्यावर. आणि २००४ मध्ये, अनेक वर्षं व्यावसायिक ध्वनिमुद्रणापासून दूर राहिलेल्या आईचा 'ट्रान्सलिनिअर लाइट' हा अल्बम निघाला, त्याचा निर्माता रवीच होता. २००७ मध्ये तीही गेली.

मला हे इतकं लागण्याचं कारण घरातलं आहे. माझे वडील पखवाज वाजवायचे, मुलगा तबला शिकतो. घरी आलेला प्रत्येक जण म्हणतो, आडातलंच पोहऱ्यात आलंय. आजोबा गेले तेव्हा तो पाळण्यात होता. पहाटे साडेपाचला उठून एकच कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची एकच रचना, तासभर घोटतो, बोटं सुजतात, तरी घोटतो. ते कुणाला दिसत नाही. कौतुक ऐकून त्याचा चेहरा उतरतो, तो मला दिसतो.

शताब्दीच्या निमित्ताने अ‍ॅलिसवर स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती. आणि साठी ओलांडलेल्या रवीच्या वादनाविषयीही जाणकाराकडून लिहून घ्यावं. त्यात वडिलांचं नाव निदान दुसऱ्या परिच्छेदापर्यंत येऊ नये.

आपली,
एक वाचक, डोंबिवली