तुरीत मुधोळ हाउंड सोडण्याआधी

मा. संपादक,

रानडुकरांवर मुधोळ हाउंडचा 'रामबाण' उपाय सांगणारा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकमहाशयांनी आधी कुत्र्याचं गावच बदललं. बासरजवळचं, तेलंगणातलं मुधोळ वेगळं. ही जात कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळची, घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली. आखूड केसांची ती कारवानी. कान-शेपटीला झालर असलेली पश्मी. बासर आपल्याला जवळ पडतं म्हणून जात तिथली होत नाही. असो.

राग आहे तो पुढच्या सल्ल्याचा. म्हणे, 'रात्री तुरीत मोकळा सोडा.' अहो, हा नजरेनं शिकार धरणारा कुत्रा, मोकळ्या माळावर पळण्यासाठी घडलेला. खांद्याशी सव्वादोन फूट उंचीच्या जनावराला पुरुषभर वाढलेल्या तुरीत दिसणार काय? आणि डुकराशी गाठ पडलीच तर? कातडी पातळ, खाली चरबी नाही. सुळा लागला की मांडी नाहीतर पोट फाटलंच. काटेरी तारेतून भरधाव घुसला तरी तीच गत. टाके घालताना भूलही जपून द्यावी लागते. थायोपेंटोनसारखं औषध या चणीच्या कुत्र्यांच्या अंगातून लवकर उतरत नाही. म्हणून डॉक्टरांना जखमेआधी जात सांगायची. जागलीला भुंकणारं कुत्रं लागतं. दोन गावठी ठेवा, ती जास्त कामाची.

'बरगड्या दिसल्या तर खुराक दुप्पट करा' हे तर कहरच! धडधाकट मुधोळच्या मागच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसतातच. कणा धारदार वर आला, मांडीचं मांस उतरलं, तर मात्र काळजी करा. आधी जंत पाहा. खाणं दोन वेळा विभागून द्यायचं आणि जेवल्यावर तासभर तरी पळवायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगतं, पीळ पडतो आणि काही तासांत खेळ संपतो. लेखात यावर अवाक्षर नाही.

मोकळा सोडलेला कुत्रा डुक्कर सोडून सशामागे जाईल, हेही लेखकांना सुचलं नाही. ससा मारला की १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं लफडं शेतकऱ्याच्या गळ्यात. पुरवणीवाले जामीन द्यायला येणार आहेत का?

जाता जाता, त्याच पानावर सोयाबीनचे भाव आठवडाभर तेच छापून येताहेत. तारीख मात्र रोज न चुकता बदलते.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ